मताधिकाराला विरोध करणारी कवयित्री स्त्रीवादी कशी? क्रिस्टिना रोझेटीवर लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस उत्तर

तुम्ही एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेतील स्त्रीवादी आशयसूत्रे’ हा विषय लघुप्रबंधासाठी घेतला, आराखडा मंजूर झाला, आणि आता तुमच्या मार्गदर्शकांनी आक्षेप काढला आहे की, ज्या इंग्रज कवयित्रीने १८८९ साली स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्धच्या निवेदनावर सही केली, तिला स्त्रीवादी म्हणणे तोंडी परीक्षेत टिकणार नाही. त्यापेक्षा तिची समकालीन एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग घ्या, असे ते म्हणतात. कवयित्री बदलावी की नुसते शीर्षक बदलावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी बावीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना व्हिक्टोरियन कविता शिकवते आणि हा आक्षेप मी स्वतः विद्यार्थिनी असताना झेललेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘ती स्त्रीवादी होती का’ हा नाहीच. क्रिस्टिना डिसेंबर १८९४ मध्ये वारली आणि इंग्रजीत ‘फेमिनिस्ट’ हा शब्द जेमतेम त्याच दशकात रुळू लागला. तेव्हा जो शब्द तिने कधी वापरला नाही, त्याचे प्रमाणपत्र तिला द्यायचे की नाकारायचे, यावर शंभर पाने लिहून हाती काही लागत नाही. खरा प्रश्न असा आहे की, एखाद्या व्यक्तीची जाहीर मते एका बाजूला आणि तिच्या कवितेत प्रत्यक्ष घडणारी गोष्ट दुसऱ्या बाजूला अशी स्थिती असेल, तर समीक्षकाने पुरावा कशाला मानायचे आणि दुसऱ्या बाजूचे काय करायचे. हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांनी नकळत तुमच्या हातात दिला आहे, आणि तो चांगला प्रश्न आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. मुदत दोन महिन्यांची असेल आणि मार्गदर्शक ठाम असतील, तर विषय बदलणे हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. ब्राउनिंगची ‘ऑरोरा ली’ ही नऊ भागांची कादंबरीसारखी कविता आहे, तिची नायिका स्वतः लेखिका आहे, लग्नाची मागणी नाकारून ती लेखनावर जगते, आणि त्यामुळे स्त्रीवादी वाचनाला तिथे पहिल्या पानापासून आधार मिळतो. परंतु तुमच्याकडे एक संपूर्ण सत्र असेल आणि क्रिस्टिनाच्या कवितांनी तुम्हाला खरोखर धरून ठेवले असेल, तर तिलाच धरून राहा. जिथे आधार उघडपणे हाती येत नाही, तिथे वाचणाऱ्याचे कौशल्य जास्त लागते, आणि लघुप्रबंधात परीक्षकांना तेच पाहायचे असते. (मी तिला आडनावाने न संबोधता ‘क्रिस्टिना’ म्हणते, कारण त्या घरात चौघेही भावंडे लिहिणारी होती आणि आडनावाने गोंधळ होतो.)

माझी चूक आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती टाळाल. माझ्या एम. फिल.च्या प्रबंधात मी १८८९ ची सही एका तळटीपेत ढकलली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुलाखतीत नेमकी तीच तळटीप उघडून विचारले, “एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान अक्षरांत का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते की, आपल्या मांडणीला जी गोष्ट सर्वांत जास्त अडचणीची आहे, ती पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ठेवावी.

आणि ती सही नीट उलगडली तर मूळ आक्षेपच थोडा सैल होतो. १८८९ च्या निवेदनाच्या काही वर्षे आधी ऑगस्टा वेबस्टर हिने क्रिस्टिनाकडे मताधिकाराच्या चळवळीसाठी पाठिंबा मागितला होता. वेबस्टर स्वतः उत्तम कवयित्री होती आणि लंडनच्या शाळा मंडळावर निवडून गेलेली होती. क्रिस्टिनाने तिला नकार कळवला. नकाराचे कारण धार्मिक होते: स्त्री आणि पुरुष यांच्या स्थानांत आणि कर्तव्यांत न बदलणारा भेद आहे, हे बायबलने गृहीत धरलेले दिसते, असे तिचे म्हणणे होते. पण त्याच पत्रात ती पुढे लिहिते की, मत नसल्यामुळे स्त्रियांचे हक्क तुडवले जाणारच असतील, तर आपण चळवळीतल्या आपल्या या गुरुजनांच्याही पुढे जाऊन म्हणू की, स्त्रियांनी थेट संसदेत बसणेच योग्य आणि वाजवी आहे; आणि विवाहित स्त्रियांना मताधिकारातून वगळण्यावरही आपला आक्षेप आहे, कारण स्वतःचे आणि मुलांचे हित जपायला आईइतके लायक कोण असणार? त्या काळी मताधिकाराच्या चळवळीतल्या बऱ्याच मंडळींची मागणी कर भरणाऱ्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांच्यापुरतीच मर्यादित होती, हे लक्षात घेतले की या पत्रातला विचित्र ताण दिसू लागतो. तिला अर्धी मागणी मान्य नाही. एक तर देवाने आखलेला भेद पूर्ण पाळायचा, नाही तर तर्क शेवटपर्यंत न्यायचा. हे पत्र तुमच्या प्रबंधात सहीच्या शेजारीच यायला हवे, कारण सही एका ओळीची असते आणि पत्रात माणूस विचार करताना दिसतो.

आता कवितांकडे येते. मी कवितेला दोन साधे प्रश्न विचारून सुरुवात करते: इथे बाईला नाव कोण देते, आणि तिची किंमत कोण ठरवते? हे प्रश्न मला एका विद्यार्थिनीने शिकवले. ‘इन अ‍ॅन आर्टिस्ट्स स्टुडिओ’ हे सुनीत मी वर्गात वाचून दाखवत होते. चित्रकाराच्या खोलीत पडद्यामागे ठेवलेली चित्रे पाहणारे कुणी तरी बोलत आहे: त्याच्या सगळ्या कॅनव्हासमधून एकच चेहरा बाहेर पाहतो, कधी माणकांच्या रंगाच्या पोशाखातली राणी, कधी ताज्या हिरव्या कपड्यांतली एक निनावी मुलगी, कधी संत, कधी देवदूत, आणि प्रत्येक चित्राचा अर्थ तोच एक, ना कमी ना जास्त. मी मात्रा आणि यमके समजावत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पण तिचं नाव काय?” कवितेत नाव नाही. ते चित्रकाराने दिलेले नाही, आणि पाहणाऱ्यांनी विचारलेलेही नाही. त्या दिवसापासून मी ही कविता त्या प्रश्नापासूनच शिकवायला घेते.

या सुनीतातली नववी ओळ अगदी जवळून पाहा. ‘ही फीड्स अपॉन हर फेस बाय डे अँड नाइट’: तो रात्रंदिवस तिच्या चेहऱ्यावर पोसला जातो. सुनीताच्या पहिल्या आठ ओळींत बघणे चालले होते, आणि इथे, जिथे परंपरेने कवितेला वळण मिळते, तिथे बघण्याचे खाणे होते. प्रेमिकाने प्रेयसीच्या रूपावर जगणे ही पेत्रार्क या जुन्या इटालियन कवीपासून चालत आलेली स्तुतीची भाषा आहे. क्रिस्टिनाने ती भाषा शब्दशः घेतली आणि खाणाऱ्याबरोबर खाल्ले जाणारेही दाखवले. मग शेवटच्या तीन ओळी नकारांवर उभ्या आहेत. वाट पाहून फिकी पडलेली नाही, दुःखाने मलूल नाही. ‘नॉट अ‍ॅज शी इज’, ती जशी आहे तशी नाही, आशा झळकत होती तेव्हा जशी होती तशी. आणि पुन्हा ‘नॉट अ‍ॅज शी इज’, ती त्याच्या स्वप्नात जशी भरून राहते तशी. चित्रात काय नाही ते मोजता मोजता आपल्याला खऱ्या बाईची बातमी कळते: ती फिकी पडली आहे, तिने वाट पाहिली आहे, ती दुःखी आहे. सगळी कविता मिळून जेमतेम चौदा ओळींची आहे, आणि तिने एका बाईला चित्राच्या मागून बाहेर काढले आहे, तेही एकही आरोप न करता.

या कवितेची पार्श्वभूमी वापरताना मात्र जपून. ही कविता १८५६ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीची आहे, आणि चित्रकार म्हणजे तिचा भाऊ दांते गॅब्रिएल व चेहरा त्याची मॉडेल एलिझाबेथ सिडल हिचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरेच आहे असे धरले, तरी त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: क्रिस्टिना स्वतः मॉडेल म्हणून बसलेली होती. भावाच्या कुमारी मरियेच्या बालपणाच्या चित्रात (१८४९) मरियेचा चेहरा तिचा आहे. तासन् तास न हलता बसून दुसऱ्याच्या कल्पनेतली संत होणे म्हणजे काय, हे तिला अनुभवाने माहीत होते. प्री-राफेलाइट ब्रदरहुड हे भावाचे कलावंत-मंडळ सात पुरुषांचे होते. त्यांच्या ‘द जर्म’ या नियतकालिकात तिच्या कविता आल्या, पण ‘एलन अ‍ॅलेन’ या टोपणनावाने. चेहरा चित्रात उघड, आणि कवितेखालचे नाव मात्र झाकलेले, ही स्थिती तुमच्या पहिल्या प्रकरणात आली पाहिजे.

आणखी एक सावधगिरी: ही कविता तिच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. तिच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये विल्यम या भावाने काढलेल्या संग्रहात ती आली. ‘फ्रॉम द अँटीक’ या कवितेचेही तसेच, जिच्यात बाईचे जिणे दुप्पट रिते आहे, मी पुरुष असते तर, किंवा कुणीच नसते तर अधिक बरे, असे एक स्त्री म्हणते. विद्यार्थी या दोन कविता हमखास उचलतात आणि ‘क्रिस्टिनाने समाजाला ठणकावले’ असे लिहून मोकळे होतात. समाजाने त्या वाचल्याच नव्हत्या. म्हणून प्रत्येक कवितेपुढे लेखनाची तारीख आणि प्रकाशनाची तारीख असे दोन रकाने करा. आर. डब्ल्यू. क्रम्प यांनी संपादित केलेल्या तीन खंडांच्या समग्र आवृत्तीत ही माहिती पाठभेदांसह मिळते. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येते. तिने काय लिहिले हा एक प्रश्न आहे, आणि त्यातले काय छापू दिले हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तरही आपल्या विषयाचाच भाग आहे.

छापू दिलेल्या कवितांतली सर्वांत मोठी अर्थातच ‘गॉब्लिन मार्केट’, १८६२ च्या पहिल्या मोठ्या संग्रहाची शीर्षककविता. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. लॉरा आणि लिझी या बहिणींना सकाळ-संध्याकाळ ‘कम बाय, कम बाय’ (या, विकत घ्या) अशी गॉब्लिन फळवाल्यांची, म्हणजे परीकथेतल्या खोडकर पिशाच्चांची, हाळी ऐकू येते. लॉराजवळ पैसे नाहीत, तेव्हा ते म्हणतात, तुझ्या डोक्यावर सोने आहे की, एक कुरळी बट दे. ती बट कापून देते, एक अश्रूही ढाळते, फळे चोखते, आणि त्यानंतर तिला ती हाळी ऐकूच येईनाशी होते. केस पिकू लागतात, ती झुरत जाते. आधी जीनी नावाची एक मुलगी अशीच मेलेली आहे. मग लिझी पर्समध्ये चांदीची पेनी टाकून निघते. फळे द्या, मी घरी नेते, असे सांगते. त्यांना तिने तिथेच बसून आपल्याबरोबर खायला हवे असते. ती नकार देते, तेव्हा ते तिला ओरबाडतात, मारतात, फळे तिच्या तोंडावर चिरडतात. ती ओठ उघडत नाही. शेवटी ते पेनी परत फेकतात, आणि अंगभर रस घेऊन ती घरी धावते व बहिणीला तो चाखायला सांगते. लॉरा वाचते.

या कवितेची ख्रिस्ती वाचने आहेत, लैंगिक वाचने आहेत, बाजारपेठेच्या अर्थशास्त्राची वाचने आहेत, आणि ती एकमेकांना खोडत नाहीत. तुम्ही सगळी घ्यायचा मोह टाळा. तुमच्या विषयासाठी मी एकाच वस्तूचा पाठपुरावा करीन: त्या पेनीचा. लॉराने देहाचा तुकडा दिला; तिथे किंमत गॉब्लिनांनी ठरवली आणि चलनही त्यांनीच ठरवले. लिझी स्वतःचे चलन घेऊन जाते आणि व्यवहाराच्या अटी सांगते. व्यवहार फिसकटतो, तिला मार पडतो, पण घरी पळताना तिला पर्समधली पेनी खुळखुळताना ऐकू येते आणि तो आवाज तिच्या कानाला संगीतासारखा वाटतो. मारहाणीच्या लगेच पुढे कवयित्रीला त्या नाण्याचा आवाज लिहावासा वाटला, याकडे लक्ष द्या. लग्न झालेल्या इंग्रज स्त्रीला स्वतःची कमाई कायद्याने स्वतःजवळ ठेवता येऊ लागली ती १८७० पासून, आणि मालमत्तेवर पुरेसा हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. १८६२ मध्ये बाईच्या पर्समधल्या नाण्याला किती वजन होते, हे या तारखांवरून कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे लॉरा मरत नाही. त्या काळच्या चित्रांत आणि कादंबऱ्यांत घसरलेल्या बाईचा शेवट बहुधा नदीत, नाही तर क्षयात व्हायचा. इथे तिचे केस पुन्हा सोनेरी होतात, पुढे तिला मुले होतात, आणि आपली गोष्ट ती स्वतःच्या तोंडाने मुलांना सांगते. क्रिस्टिना हायगेट येथील, वेश्याव्यवसायातून बाहेर आलेल्या किंवा ‘पतित’ ठरवलेल्या मुलींच्या आश्रमात अनेक वर्षे स्वयंसेविका होती, तो संदर्भ इथे योग्य आहे. परंतु ‘आश्रमातल्या अनुभवावरून ही कविता लिहिली’ असे ठाम वाक्य लिहू नका. हस्तलिखितावर एप्रिल १८५९ ची तारीख आहे आणि आश्रमातले काम सुरू झाले तेही त्याच सुमारास; कशातून काय आले हे सिद्ध करता येत नाही. दोन्हीमागे एकच विश्वास होता, एवढे म्हणता येते: पाप झाले म्हणून माणूस संपत नाही.

त्याच संग्रहातली ‘कझिन केट’ लहान आहे, म्हणून दुर्लक्षिली जाते. मला विचाराल तर तुमच्या प्रबंधातला सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. एका खेडवळ मुलीला उमराव घरी नेतो, हातमोज्यासारखी बदलतो, आणि तिच्या चुलत बहिणीशी, केटशी, लग्न करतो. बोलणारी ती टाकलेली मुलगी आहे. ती केटला म्हणते: तू इतकी चांगली आणि शुद्ध होतीस म्हणून त्याने तुला अंगठीने बांधले, शेजारीपाजारी तुला चांगली आणि शुद्ध म्हणतात, आणि मला टाकलेली वस्तू म्हणतात. ‘चांगली आणि शुद्ध’ हे शब्द एका ओळीआड दोनदा येतात. पहिल्यांदा ते लग्नाचे कारण म्हणून येतात, दुसऱ्यांदा लग्नानंतर लोकांनी लावलेले नाव म्हणून. आणि मध्ये उभी आहे ती अंगठी. शुद्धतेमुळे अंगठी मिळाली की अंगठीमुळे शुद्धता मिळाली, हा प्रश्न कविता विचारत नाही. शब्द दोनदा ठेवून बाजूला होते. आपल्याकडे ‘नावे ठेवणे’ म्हणतात, ते इथे अक्षरशः चालले आहे. आणि ज्याने हे सगळे केले त्या उमरावाला गावाने काय म्हटले, याबद्दल कवितेत एक शब्द नाही. गावानेच तो काढला नसावा.

नावाचा हा धागा तुम्ही धरलात, तर १८६६ च्या संग्रहातल्या दीर्घ कवितेपर्यंत तो तुम्हाला आपोआप नेईल. तिथे ती ‘अंडर द रोझ’ या नावाने आली. पुढे तिला बापांची पापे मुलांच्या माथी, अशा अर्थाचे बायबलमधले शीर्षक मिळाले. एका मोठ्या घरातल्या बाईची लग्नाबाहेर झालेली मुलगी त्याच घरात आश्रिता म्हणून राहते. आई तिला जवळ करते पण आई म्हणवून घेत नाही. शेवटी ती मुलगी ठरवते की, कुणा पुरुषाच्या चांगल्या नावाने मी माझा कलंक पुसणार नाही; जशी उभी आहे तशी निनावी, पण माझा हात हा माझाच हात आहे. हात मागण्याची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला या ओळीचा नेमका अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

या कवितेवरून दांते गॅब्रिएल या भावाने हरकत घेतली होती की, असा विषय स्त्रीच्या लेखणीला शोभत नाही. क्रिस्टिनाचे १८६५ चे उत्तर उपलब्ध आहे, आणि ते तिच्या स्वभावाचा नमुना आहे. सामाजिक विषयांवरच्या स्त्रियांच्या लेखनात वास्तवाचा अंश कमी असणे अपरिहार्य, किंबहुना इष्टच, हे तुझे मत मला मान्य आहे, असे ती आधी म्हणते. आणि मग म्हणते की, तरीही असा प्रयत्न स्त्रीच्या कक्षेत बसतो असे मानण्याकडे माझा कल आहे. कविता छापली गेली. पुढे १८७५ मध्ये त्याच भावाने तिच्या ‘द लोएस्ट रूम’ या कवितेत मिसेस ब्राउनिंगकडून आलेला खोट्या आवाजातला मर्दानीपणा दिसतो, अशी तक्रार केली. मान लववून आपली जागा न सोडणारी ही पद्धत अनेक घरांतल्या बायकांना ओळखीची आहे. ती चळवळीची पद्धत नव्हे, हे खरे. परंतु तिला शरणागती म्हणणारा समीक्षक पत्राचे पहिलेच वाक्य वाचून थांबलेला असतो.

‘नो, थँक यू, जॉन’ आणि ‘विंटर: माय सीक्रेट’ या दोन कविता एकत्र वाचा. पहिलीत मागे लागलेल्या जॉनला ती सांगते की, माझे तुझ्यावर प्रेम आहे असे मी कधी म्हटलेच नव्हते. मैत्री हवी तर घे. दुसरीत माझे गुपित माझे आहे आणि मी सांगणार नाही, एवढ्यावर सगळी कविता उभी आहे. यांवर फार लिहायला नको, पण नकार हा तिच्या कवितेत रडका नसतो, हे दाखवायला त्या उपयोगी पडतात.

१८८१ च्या संग्रहातील ‘मोना इनोमिनाता’ या चौदा सुनीतांच्या मालेला मात्र स्वतंत्र उपप्रकरण द्या. इटालियन भाषेत या शीर्षकाचाच अर्थ ‘निनावी बाई’. प्रास्ताविकात क्रिस्टिना म्हणते की, मध्ययुगीन इटालियन कवी दांतेची बिआत्रिचे आणि पेत्रार्कची लॉरा आपल्यापर्यंत गुणांनी झळकत आल्या आहेत, पण निदान मला तरी त्या फारशा आकर्षक वाटत नाहीत; आणि अशी एखादी बाई स्वतःच बोलली असती, तर चित्र अधिक कोवळे उतरले असते. मग प्रत्येक सुनीताच्या डोक्यावर ती दांते आणि पेत्रार्कच्या ओळी ठेवते आणि खाली त्या बाईला बोलू देते. चौथ्या सुनीतात, प्रेम आधी कुणी केले आणि कुणाचे प्रेम मोठे, असा हिशेब सुरू होतो आणि मध्येच ती म्हणते की, हे माप-तोल आपल्या दोघांवरही अन्याय करतात. चित्रकाराच्या खोलीतली निनावी मुलगी पंचवीस वर्षांनी इथे बोलते आहे, असे मी वर्गात म्हणते. हे माझे वाचन आहे. तुम्हाला ते वापरायचे असेल तर कवितांच्या शब्दांवरून पुन्हा सिद्ध करून घ्या.

आता धर्म. स्त्रीवादी समीक्षेने क्रिस्टिनाच्या श्रद्धेकडे बराच काळ बेडी म्हणून पाहिले. गिल्बर्ट आणि गुबर यांनी १९७९ च्या आपल्या ‘द मॅडवूमन इन द अ‍ॅटिक’ या प्रसिद्ध ग्रंथात तिच्या त्यागाच्या सौंदर्यदृष्टीवर कडक टीका केली. त्यांचे म्हणणे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, पण तिथेच मुक्कामही करू नका. तिने दोन लग्ने नाकारली ती धर्माच्या कारणावरून. चित्रकार जेम्स कोलिन्सन पुन्हा कॅथलिक झाला म्हणून, आणि चार्ल्स केली याची श्रद्धा तिच्या श्रद्धेशी जुळेना म्हणून. नवऱ्याच्या वर देव असेल, तर नवऱ्याला नाही म्हणता येते. शिवाय उतारवयात तिने बायबलवर भाष्ये लिहिली, म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे ती मताधिकार नाकारत होती, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला होता.

मराठी विद्यार्थ्यांना हे पंडिता रमाबाईंच्या उदाहरणाने चटकन उमगते, आणि ते उदाहरण ओढूनताणून आणलेले नाही. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन राहिल्या त्या वाँटेजच्या अँग्लिकन भगिनीसंघात. क्रिस्टिनाची बहीण मारिया ज्या संघात गेली, तो याच हाय चर्च, म्हणजे विधी आणि संस्कारांना महत्त्व देणाऱ्या अँग्लिकन परंपरेतला. तिथेच रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्याच सिस्टरांना त्यांनी पत्रांतून बजावले की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने काढले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही. श्रद्धा तीच, आणि तिच्याच बळावर चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद. क्रिस्टिनाने असा उघड वाद घातला नाही, हा फरक मोठा आहे आणि तो लपवू नये. तुलना दोन परिच्छेदांपेक्षा लांबवूही नये.

आणि जिथे स्त्रीवादी वाचन पोचत नाही, ते मोकळेपणाने लिहा. तिच्या भक्तिपर कवितांचा मोठा भाग सोसण्याला, वाट पाहण्याला आणि मरणाच्या शांततेला वाहिलेला आहे, आणि त्यांत प्रत्येक वेळी गुप्त बंड शोधणे हा त्या कवितांवर अन्याय आहे. हायगेटचा आश्रम मुलींना आसरा देत होता, तसा त्यांना मोलकरणीच्या कामासाठीही तयार करत होता. त्या कामातला वर्गभेद क्रिस्टिनाला खुपलेला कवितांत दिसत नाही. राजकारणाकडे वळणे माझ्यात नाही, ते मी माझ्याहून मोठ्या असलेल्या मिसेस ब्राउनिंगसारख्यांकडे सोपवते, असे तिने १८७० मध्ये भावाला स्वतःच कळवले होते.

तेव्हा कवयित्री बदलू नका. शीर्षकात थोडा बदल करा. ‘क्रिस्टिना रोझेटीच्या कवितेतील निनावी स्त्री: नाव, किंमत आणि नकार’ असे काही तरी ठेवले, तर ‘स्त्रीवादी’ या विशेषणावर अडून बसलेली चर्चा कवितांकडे वळेल. पहिल्या प्रकरणात १८८९ ची सही आणि वेबस्टरला लिहिलेले पत्र. दुसऱ्यात चित्रकाराची खोली आणि ‘मोना इनोमिनाता’. तिसऱ्यात बाजार, अंगठी आणि ती निनावी मुलगी. चौथ्यात धर्म आणि वाचनाच्या मर्यादा. मार्गदर्शकांकडे जाताना संपूर्ण आराखडा नेऊ नका. ‘कझिन केट’मधल्या त्या चार ओळी एका कागदावर लिहून न्या, ‘चांगली आणि शुद्ध’ या दोन्ही ठिकाणांखाली रेघ मारा, आणि मधल्या अंगठीबद्दल त्यांचे मत विचारा.